अकराव्या फुग्यानंतर

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज संस्कृतीचा अकरावा फुगा झाला. भूल देऊन तोंडातून बारीक नळी घालतात आणि अन्ननलिका जिथं आखडली आहे, तिथं छोटा फुगा फुगवून जागा रुंद करतात. पहाटेच्या गाडीने पुण्याला जायचं, पोरीला उपाशी ठेवायचं, नंबर आला की तिला दारापर्यंत उचलून न्यायचं. आधी ती दारात रडायची. आता रडत नाही, सिस्टरच्या खांद्यावरून मला हात हलवते. रडायची तेव्हाच बरं वाटायचं.

आज मॅडमनी मला बसायला सांगितलं. सर्जन माणूस "बसा" म्हणाला की पुढचं चांगलं नसतं.

"दर तीन आठवड्यांनी मी रुंद करते आणि ती पुन्हा आखडते," त्या म्हणाल्या. "असं किती दिवस? तिने तोंडाने खायला पाहिजे. घास खाली जाताना अन्ननलिका ताणली जाते, ते काम माझा फुगा नाही करू शकत. पावसाळ्यापर्यंत बघू. नाहीच जमलं तर दुसरं मोठं ऑपरेशन. जठर वर ओढून गळ्याकडे जोडायचं."

पहिलं ऑपरेशन तिच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी झालं होतं. जन्मली तेव्हा अन्ननलिकेची दोन टोकं एकमेकांना जोडलेलीच नव्हती, मध्ये बोटभर अंतर. ओढून शिवली. टाके गळाले, बावन्न दिवस दवाखान्यात गेले. तेव्हापासून पोटावर एक भोक आहे, त्यात नळी; ती निसटू नये म्हणून तिच्या आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला बारका फुगा. सव्वातीन वर्षं ती नळीवर जगली आहे.

मॅडम म्हणाल्या, ती काय खाते ते रोज लिहून ठेवा. दूध संघाने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, पाच वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढलेली. बायको मोनिका एसटीत कंडक्टर, श्रीगोंदा डेपो, तिची नोकरी कायम आणि माझी हंगामी. म्हणून मी घरी राहिलो आणि ओट्यावरच्या खोलीत दूध संकलन केंद्र टाकलं. मोजणं आणि लिहिणं मला येतं. वजन आज १०.१ किलो. पावसाळ्यापर्यंत मी तिला खायला लावणार. दुसरं ऑपरेशन होऊ देणार नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

वेळापत्रक भिंतीवर लावलं. सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन, पाच, संध्याकाळी साडेसात. प्रत्येक वेळी तोंडाने दहा चमचे, उरलेलं नळीतून.

आठ वाजता मऊ भात, दोन चमचे. एक थुंकला. अकरा वाजता वरणाचं पाणी, तीन चमचे. दोन वाजता तोंड उघडलं नाही. पाच वाजता मोबाईलवर गाणं लावून चार. साडेसात वाजता चमचा दिसताच तोंड मिटून बाजेखाली जाऊन बसली.

हट्टी आहे. माझ्यावर गेली आहे. बघू कोण दमतं.

माझी आई चुलीपुढं बसून माझ्याकडे बघत असते. नळीतून दूध सोडायला लागलो की भाकरी थापायची थांबते आणि टक लावते. तिला वाटतं मी लेकराला छळतो. तिला यातलं काही कळत नाही म्हणून मी बोलत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारची पोरं तिळगूळ द्यायला आली. मी फॅटच्या मशीनवर होतो. वळून बघतो तर संस्कृती खोकतेय. तिचा खोकला वेगळाच आहे, श्वासनलिका मऊ असल्यामुळे भुंकल्यासारखा येतो. समोर पोरगं उभं, हातात तिळाच्या वड्यांचा डबा.

मी धावलो, तिला उलटी धरली, तोंडात बोट घातलं. तिने ओकून टाकलं. नुसतं दूध. वडी तिच्या मुठीत होती, घट्ट धरलेली. तिने ती तोंडाला लावलीसुद्धा नव्हती.

नंतर दिवसभर ती माझ्याकडे आली नाही. आजीच्या पदरात तोंड घालून बसली.

घाबरून चुकलेलं परवडतं. न घाबरता चुकलो तर पुढे लिहायला काही उरणार नाही.

सोमवार, २७ जानेवारी

बारावा फुगा. अन्ननलिका पुन्हा तितकीच आखडलेली. वजन १०.०. शंभर ग्रॅम कमी. अठरा दिवस मी एकही वेळ चुकवली नाही आणि शंभर ग्रॅम कमी.

मॅडम म्हणाल्या, "अंगणवाडीत पाठवता का? मुलं मुलांकडे बघून खातात."

मी हो हो म्हटलं. पाठवणार नाही. तिथं वीस पोरं, कुणी काय तोंडात कोंबेल सांगता येत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

अंगणवाडीच्या जरीनाताई वजनकाटा घेऊन आल्या. मी लहान होतो तेव्हा त्या चौथीत आणि मी पहिलीत, तरी मला दादा म्हणतात.

"दादा, पाठवा की पोरीला. मी बघते."

मी त्यांना सगळं ऐकवलं. घास अडकतो, श्वास अडकतो, नळी निसटली तर पोटाचं भोक दोन-चार तासांत बुजायला लागतं, मग पुन्हा भूल देऊन पाडावं लागतं. निसटली की कपाटातल्या आपत्कालीन पाकिटातली दुसरी नळी लगेच घालावी लागते. येईल तुम्हाला?

"आत्ता नाही येणार. शिकवा. शिकेन."

आतून आई म्हणाली, "मलाबी दाव की रं."

मी म्हणालो, "आई, तुझा हात थरथरतो. पाकिटावरचं वाचता येत नाही तुला."

तिने जरीनाताईंना चहा केला. त्या जाताना संस्कृतीने त्यांच्या पिशवीतली रंगीत चित्रं मागून घेतली. माझ्याशी दिवसभरात एवढं बोलली नव्हती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दौंडच्या दवाखान्यातून आज सोडलं. सहा दिवस. न्यूमोनिया, उजव्या फुप्फुसात. अन्नाचा अंश श्वासात गेला म्हणाले.

हे लिहायचं नव्हतं. पण इथं खोटं लिहून कुणाला फसवू?

मंगळवारी, अकरा तारखेला, दुपारी तिने तोंड उघडलं नाही. मी तिला मांडीत घट्ट धरलं, तिचे दोन्ही हात माझ्या डाव्या हातात, आणि चमचा ओठांतून आत सारला. ती रडत होती. रडताना तोंड उघडं असतं, म्हणून मी त्याच वेळी घातलं. सहा चमचे गेले. मी डायरीत 'सहा' लिहिलं आणि मला आनंद झाला. बुधवारी ताप.

दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, "खाताना रडत वगैरे होती का?"

मी म्हणालो, "नाही."

मोनिका पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पोरीच्या ऑक्सिजनची नळी सरळ करत राहिली.

वजन ९.७.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मोनिकाची सुट्टी होती. धुणं वाळत घालताना ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांना नाही म्हणालात. मी ऐकलं."

मी म्हणालो, "खरं सांगितलं असतं तर त्यांनी काय वेगळं औषध दिलं असतं?"

"औषधाचं नाही बोलत मी." तिने चादर झटकली. "गाडीत रोज एखादी बाई तरी मला म्हणते, एवढी आजारी पोर टाकून तुला ड्युटीवर जाववतं कसं? मी म्हणते, तिचा बाप आहे घरी. एवढं एकच वाक्य आहे माझ्याकडे. ते तरी खरं राहू द्या."

मग ती आत गेली.

मी दुधाची कॅन तीनदा धुतली. मला राग आला होता. सगळं मी करतो, चोवीस तास मी असतो, आणि ही आठवड्यातून एक दिवस घरी असते आणि मला शिकवते. असं वाटत होतं. संध्याकाळी दूध घालायला आलेले बिभीषणअण्णा म्हणाले, "हर्षल, फॅट एवढा कमी कसा लावला?" बघितलं तर आकडा दुसऱ्याच्या नावावर टाकला होता. आयुष्यात पहिल्यांदा.

भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता महिनाभर चमचा बंद. सगळं नळीतून द्या. तिच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही. पण घरातले जेवायला बसतील तेव्हा तिला जवळ बसवा."

"आणि वजन?"

"वजन नळी बघेल."

मंगळवार, ४ मार्च

काल तेरावा फुगा. फेब्रुवारीतला आजारपणात चुकला होता, त्यामुळे बराच आखडला होता. मॅडमनी चौदाव्याची तारीख लिहून दिली, २४ मार्च.

चमचा बंद करून बारा दिवस झाले. तिला तोंडाने काही न देता बसून राहणं हे मी केलेलं सगळ्यात अवघड काम आहे. हात शिवशिवतात.

आज एक गोष्ट बघितली. आई भाकऱ्या करत होती. संस्कृतीने परातीतलं चिमूटभर ओलं पीठ उचललं, चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकलं. आईने बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने पोरीने पुन्हा घेतलं. आईने परात जराशी तिच्याकडे सरकवली आणि पुढची भाकरी थापली.

कच्चं पीठ! मी उठलो होतो. मोनिकाने माझा दंड धरला.

शनिवार, १५ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

काष्टीच्या बाजारात गेलो होतो, सरकी पेंड आणि कॅनची झाकणं आणायला. मोनिका नगरच्या गाडीवर. घरी आई आणि संस्कृती. दीड तासात येतो म्हणालो होतो, पण बाजारात टेम्पो आडवा लागून रस्ता तुंबला आणि अडीच तास गेले. मोबाईल पेंडीच्या दुकानात चार्जिंगला लावला तो तिथंच विसरलो. परत जाऊन आणला तेव्हा त्यावर शेजारच्या नंबरवरून अकरा कॉल.

घरी आलो तर दारात बायका. चुलीवरच्या तव्यात भाकरी जळून काळीठिक्कर. आई भिंतीला टेकून खाली बसलेली, संस्कृती तिच्या मांडीवर झोपलेली. आईचा उजवा हात पोरीच्या पोटावर, दोन बोटांत एक नळी धरलेली. पिवळसर रबरी नळी. आपत्कालीन पाकिटातली.

"काय केलंस?" मी ओरडलो. "कुणी सांगितलं हात लावायला?"

"हळू बोल. आत्ताच झोपलीय."

"आई, काय झालं ते सांग!"

"बाजंवरनं उतरताना नळी खाटंच्या दोरीत गुतली. सारी भाइर आली, फुग्यासकट. दूध भाइर याया लागलं. तुझा फोन लागंना. मंग काय करते? हात साबनानं धुतले, कपाटातलं पाकीट घेतलं, ते पांढरं तेल लावलं नळीला आन घातली. तू घालतोस तशी. चार बोटं."

"आणि फुग्यात पाणी? पाणी भरल्याशिवाय ती राहत नाही आत."

"ते काय मला जमलं न्हाई. बारकी पिचकारी हातात ऱ्हाईना. म्हनून चिकटपट्टी लावली आन धरून बसले."

"किती वेळ?"

आईने शेजारणीकडे बघितलं. शेजारीण म्हणाली, "दीड तास झाला असंल. मी म्हनलं मी धरते, तर द्यायना. हलली न्हाई. पानीसुदिक पिली न्हाई."

मी पाणी भरून फुगा फुगवला. आईची बोटं नळीवरून सुटेनात, वाकडी झाली होती. मी एक एक करून सरळ केली. थरथरत होती. पण नळी जिथं असायला हवी तिथंच होती, एक सेंटिमीटरसुद्धा इकडं तिकडं नाही.

लगेच दौंडला नेलं. फोटो काढला. जागेवर आहे म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या दवाखान्यात बसवली?

रविवार, १६ मार्च

सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईंना फोन द्या."

आईने फोन कानाला उलटा लावला. मी सरळ करून दिला. "व्हय. व्हय. न्हाई, शाळा न्हाई शिकले. व्हय, बाई." मग बराच वेळ ऐकत राहिली आणि फोन माझ्याकडे देऊन चुलीकडे गेली. मॅडम काय म्हणाल्या ते तिने सांगितलं नाही.

दुपारी मी विचारलं, "तू शिकलीस कधी?"

"तू दर खेपंला नळी बदलतोस की माझ्याम्होरं. तीन वरसं बघतीय."

"मला वाटायचं तू..."

"मला वाटायचं, हा एकलाच करतोय. ह्याला काय झालं तर पोरीचं कोन करनार? मोनिका दिसभर गाडीवर." तिने शेंगा फोडायला घेतल्या. "तू दावीत न्हवतास, मंग बघूनच शिकावं लागलं."

तीन वर्षं मी समजत होतो की ती मला दोष देत बघते.

काल तिच्यावर ओरडलो त्याची माफी मागायची होती. जमलं नाही. तिच्या पुढ्यातल्या शेंगा घेऊन फोडत बसलो. जाताना म्हणाली, "बोटं लई दुखत्यात, जरा तेल चोळ." चोळलं.

बुधवार, १९ मार्च

दुपारी ओट्यावर शाळा भरवली. विद्यार्थी तीन: मोनिका, जरीनाताई आणि आई. जुन्या उशीला भोक पाडून नळी घालायचा सराव. पिचकारी हातात धरायला आईला अवघड जात होतं, तर जरीनाताईंनी पिचकारीला कापडाची पट्टी गुंडाळून जाड केली. लगेच जमलं. हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

संस्कृती उशीला "दुखतंय का?" विचारत होती.

मंगळवार, १ एप्रिल

अंगणवाडीचा पहिला दिवस. मी बाहेर चिंचेखाली बसलो. दर पाच मिनिटांनी खिडकीतून बघत होतो. पोरं तिच्याऐवजी माझ्याकडेच बघायला लागली. पोटावरची नळी सगळ्यांनी बघितली. एकाने विचारलं हे काय, ती म्हणाली, "माजं दुसरं तोंड." पोरांना ते फारच आवडलं.

तोंडाने काही नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

जरीनाताईंनी हाकललं. "दादा, उद्यापासून तुम्ही चिंचेखाली दिसलात तर मीच सुट्टी घेईन."

शुक्रवार, ११ एप्रिल

बारा वाजता आणायला गेलो तर जरीनाताई दारात उभ्या. म्हणाल्या, "आज अडकलं होतं." मी आधी आत डोकावून पोर बघितली.

झालं असं. पोरं ओळीत खिचडी खायला बसली. संस्कृतीपुढंही रोज एक ताटली ठेवतात, रिकामी. शेजारी जरीनाताईंची पुतणी सिमरन बसते, पावणेपाच वर्षांची. तिने आपल्यातली खिचडी उचलून संस्कृतीच्या ताटलीत ठेवली, आणि दुसरीकडे बोलायला लागली. कुणी भरवलं नाही, कुणी सांगितलं नाही. संस्कृतीने एक एक शीत उचलून खाल्लं. मग सिमरनसारखा मोठा घास घेतला. तो अडकला. लाळ गळायला लागली, तो खोकला सुरू झाला.

"मग?"

"मग काय, तुम्ही शिकवलंत तसं. सरळ बसवलं, ओठ निळे होतात का बघत राहिले, घोट घोट पाणी. बाकीच्या पोरांना म्हटलं गाणं म्हणा. चार मिनिटांनी गेला खाली. मग तिने ताटली पुढं केली."

"पुढं केली म्हणजे?"

"अजून मागितलं, दादा."

मी विचारलं, "तुम्ही घाबरला नाहीत?"

"माझे हात बघा, अजून गार आहेत. पण वीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी घाबरले असते तर एकानेही उद्या खिचडी खाल्ली नसती."

वाटेत संस्कृती माझ्या खांद्यावर होती. तिच्या तोंडाला हळदीचा वास येत होता. साडेतीन वर्षांत तिच्या तोंडाला स्वतःहून खाल्लेल्या जेवणाचा वास कधी आला नव्हता. मी कुणी बघत नाही ना ते बघितलं आणि पुन्हा वास घेतला.

मंगळवार, २२ एप्रिल

काल पंधरावा फुगा. चार आठवड्यांचं अंतर ठेवलं होतं, तरी मागच्याइतकं आखडलेलं नाही. वजन १०.३. मॅडमनी पुढची तारीख सात आठवड्यांनी दिली.

मंगळवार, १० जून

सोळावा झाला. थोडंच रुंद करावं लागलं. वजन १०.६. दुसऱ्या ऑपरेशनचं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तो कागद मी अजून फाडलेला नाही. पण खालच्या कप्प्यात टाकलाय."

खाते काय? ताकात कुस्करलेली भाकरी, आजीच्या ताटातली. स्वतःच्या ताटातली चालत नाही. उकडलेलं रताळं. खिचडी, फक्त सिमरन शेजारी असेल तर. एक जेवण सव्वा तास चालतं.

गुरुवार, १७ जुलै

आठ दिवस सर्दी, ताप, कफ. खाणं पूर्ण बंद. पुन्हा सगळं नळीवर. वजन १०.२ वर घसरलं.

खोटं लिहिणार नाही. आज दुपारी घरात कुणी नव्हतं, मी वाटी आणि चमचा घेऊन तिच्यासमोर बसलो होतो. पावसाळा लागला. मुदत हीच होती. दहा चमचे गेले तरी खूप, असं वाटत होतं. ती वाटीकडे बघून हळूहळू मागे सरकली, बाजेच्या कडेपर्यंत. आवाज न करता.

मी वाटी उचलली आणि ती पेज मीच खाल्ली. गार, अळणी, गिळगिळीत. मी तिला हे खायला लावत होतो! आत जाऊन मीठ, जिरं, तूप घातलं, पुन्हा बसलो आणि खाल्लं. ती बघत होती. मागितलं नाही. पण मागेही सरकली नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

काल मॅडमनी भूल देऊन आत बघितलं आणि फुगा न फुगवता बाहेर आल्या. मास्क गळ्यात होता. "गरज नाही," म्हणाल्या. अकरा आठवड्यांनंतरही वाट उघडी आहे. वजन ११.१. दुसरं ऑपरेशन रद्द, निदान आत्ता तरी. पुढं मोठी होताना कधीतरी पुन्हा आखडू शकतं, खोकला तर राहणारच, छातीला जपावं लागणार. ते सगळं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी मान हलवत होतो.

आता तीन महिने नळी वापरायची नाही. फक्त धुवायची. वजन टिकलं तर काढू.

मोनिकाला फोन केला. गाडी नेमकी घोगरगाव फाट्यावर होती. मी सांगितलं, मागे इंजिनचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "थांबा, बेल द्यायची राहिली." आणि दोनदा घंटी ऐकू आली.

सोमवार, ८ डिसेंबर

वजन १२.२. नळी काढली.

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मॅडमनी फुग्यातलं पाणी काढलं, "संस्कृती, मोठा श्वास घे," म्हणाल्या आणि ओढली. भोकावर कापसाची जाड घडी. चार-पाच दिवस गळेल, मग आपोआप बुजेल. मी, आई, संस्कृती, तिघंही त्या कापसाकडे बघत राहिलो. आईने मॅडमचा हात दोन्ही हातांत धरला. मॅडमनी तिची बोटं उलटसुलट करून बघितली आणि नर्सना बोलावून म्हणाल्या, "ह्या त्या आजी."

परत येताना पुणे-श्रीगोंदा गाडी पकडली. मोनिकाने मुद्दाम हीच ड्युटी मागून घेतली होती. स्वारगेटला आम्ही चढलो तेव्हा तिने दारातच कापसाची घडी वर करून बघितली, पुन्हा खाली केली, आणि "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून ओरडली. आमची दोन तिकिटं फाडली. संस्कृतीने मलापण म्हणून हात पुढं केला. पाच वर्षांच्या आत तिकीट लागत नाही असं मोनिकाने तिला तोंड गंभीर करून समजावलं.

यवतच्या पुढे शेजारच्या सीटवरच्या म्हातारीने पिशवीतून चिकू काढला. सोलून निम्मा संस्कृतीपुढं धरला. मला विचारलं नाही. तिने घेतला, चावला. माझा हात उठला होता, तो मी समोरच्या दांड्यावर ठेवला.

दुसऱ्या घासाला अडकला. खोकला सुटला, तोच, भुंकल्यासारखा. अख्खी गाडी वळून बघायला लागली. म्हातारी घाबरून उभी राहिली, "आगं बया, काय झालं लेकराला? ड्रायव्हर, गाडी थांबवा!"

पुढून मोनिकाने बघितलं. तिने ओठांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिने पुढच्या माणसाला सुटे परत दिले.

आईने बाटलीचं झाकण उघडून ठेवलं होतं. संस्कृती सरळ बसली, एक घोट, थांबली, दुसरा घोट. डोळ्यांत पाणी, नाक लाल. मान खाली घालून ती एकटीच त्या घासाशी काहीतरी करत होती आणि तिथं माझं काही काम नव्हतं. मग तिने मोठा श्वास सोडला.

म्हातारी अजून उभीच. "दवाखान्यात दाखवलं का हो? काय आजार म्हनायचा हा?"

तीन वर्षं हा प्रश्न आला की मी जन्मापासून सुरू करायचो. टाके, बावन्न दिवस, सगळं. आज म्हणालो, "काही नाही आजी, बसा. ती हळू खाते."

"आसं व्हय," म्हणून ती बसली.

संस्कृतीने हात पुसला आणि म्हातारीच्या मुठीत उरलेल्या अर्ध्या चिकूकडे बोट केलं. "तो पण दे."